बंड्याला पाणी दाखवायचं कुठे?

लॅब्रॅडॉर ही जात मुळात पाण्यातली. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचे कोळी या कुत्र्यांच्या पूर्वजांना जाळी ओढायला आणि निसटलेली मासळी धरायला थेट समुद्रात उतरवत. त्यांचा वंशज असलेला आमचा बंड्या दादरा-नगर हवेलीतल्या नरोलीत दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि बाथरूममध्ये बादली भरू लागली की दारावर धडका देतो.

खरं तर इथे पाण्याला तोटा नाही. नरोली आणि सिल्वासा यांच्या मधूनच दमणगंगा वाहते. पण पुलाजवळच्या पाण्यात मी त्याला सोडत नाही. दोन्ही अंगांना कारखाने आहेत आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत दमणगंगेचं नाव येऊन गेलेलं आहे. माणूस पाणी बघून नाक मुरडतो, कुत्रं आधी पितं आणि मग पोहतं. बागांचं विचारूच नका. फाटकावरचा वॉचमन आपल्याला बघायच्या आधी बंड्याला बघतो. सातमालियाचं हरणांचं अभयारण्य तर कुत्र्यांसाठी नाहीच, आणि ते योग्यच आहे.

कुत्र्याला पाण्यात जाता येईल आणि मुख्य म्हणजे दमल्यावर बाहेर येता येईल, असा उतार लागतो. सिमेंटचा कठडा, शेवाळलेली पायरी किंवा गुडघाभर गाळ असला की पट्टीचा पोहणाराही काठाशी येऊन अडकतो.

असा उतार सापडतो खानवेलकडे, साकरतोड नदीच्या काठी. हिवाळ्यात पाणी उथळ, तळाला गोटे, मध्येच एखादा डोह. सकाळी ऊन चढायच्या आत पोहोचायचं. काठावर बायका कपडे धुवत असतात, वरच्या अंगाला म्हशी बसलेल्या असतात. पट्टा सोडण्याआधी त्यांना विचारायचं, ही माझी शिस्त. पहिला प्रश्न येतो, "चावतो का?" दुसरा, "खातो काय?" दुसऱ्याचं उत्तर ऐकून एक आजी म्हणाल्या, "मग आमच्याकडंच ठेवा ना आठ दिवस, भाकरीवर आणते." कपडे धुताहेत त्याच्या खालच्या बाजूला बंड्याला उतरवला की कुणाची तक्रार नसते. तो गोटा तोंडात धरून आणतो, पायाशी टाकतो आणि अंग झाडून आपल्याला चिंब करतो. कान मात्र तिथेच कोरडे करावेत. लोंबत्या कानांत ओल राहिली की पुढचा आठवडा डॉक्टरांकडे जातो.

त्याच्याही पुढे दुधनी. मधुबन धरणाचा फुगवटा, चारी बाजूंनी डोंगर, शिकारे. पर्यटकांना जागा आवडते, मला कुत्र्यासाठी तितकीशी नाही. धरणाचं पाणी उतरलं की काठाला चिखल उघडा पडतो. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर हिरवा तवंग दिसला, तर कुठलंही तळं असो, कुत्र्याला लांबच ठेवावं. त्यातली काही शेवाळं जिवावर बेतणारी असतात.

समुद्र हवा असेल तर नारगोल किंवा दमणचं जामपोर. सुरूची सावली आणि ओहोटीला लांबच लांब मोकळी वाळू. भरतीची वेळ बघून जा आणि घरून गोडं पाणी न्या. खारं पाणी ढोसलं की गाडीत ओकाऱ्या ठरलेल्या.

पावसाळ्यात मात्र नदी पूर्ण बंद. मधुबनचे दरवाजे उघडले की खालचं पात्र बघता बघता भरतं. दुसरं कारण लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदीर आणि गुराढोरांच्या मुतातून याचे जंतू साचलेल्या पाण्यात, चिखलात येतात आणि पायाच्या साध्या चिरेतून शरीरात शिरतात. वलसाड, नवसारी, सुरत या पट्ट्यात पावसाळ्यात भातशेतीत राबणारी माणसं या रोगाने दगावली आहेत. आजारी कुत्र्याच्या लघवीतून तो घरात येऊ शकतो. कुत्र्यांसाठी लस आहे. पहिल्यांदा देताना काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि पुढे दरवर्षी एक. तेव्हा ज्यांच्या घरी बंड्या आहे त्यांनी एप्रिलमध्येच डॉक्टर गाठावा, जूनची पहिली सर येईपर्यंत थांबू नये.