काय चुकलं ते सांगा की!

वहीतल्या गणितावर नुसती लाल फुली मारली, तर मूल काय शिकतं? एवढंच, की आपल्याला गणित येत नाही. फुलीशेजारी 'हातचा धरायचा राहिला' असे तीन शब्द लिहिले, की तेच मूल पुढचं गणित बरोबर सोडवतं. शाळेत शिकवताना हे मी रोज पाहिलं. संगणकाला मात्र ही शिकवण अजून पुरती मिळालेली नाही.

पायथॉनचंच घ्या. संगणकाला कामं सांगायची ही भाषा आता शाळकरी मुलंही शिकतात. विंडोजवर ती पारंपरिक इन्स्टॉलरने बसवताना तळाशी एक छोटा चौकोन दिसतो, 'पाथ'मध्ये पायथॉन जोडण्याचा. त्यात आधीपासून खूण नसते. ती करायची राहिली, तरी सगळं नीट बसतं. पण नंतर काळ्या खिडकीत 'पायथॉन' लिहिलं, की 'ही आज्ञा ओळखता आली नाही' असं उत्तर येऊ शकतं. बिऱ्हाड आलंय, पण दारावर पाटी नाही, म्हणून पोस्टमन परत जातो, तसंच हे! नवशिका बिचारा पुन्हा बसवतो, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला लॅपटॉप मिटतो आणि 'हे आपलं काम नव्हे' हे मनात पक्कं होतं.

हे टाळता येतं. मोबाइलची ॲप्स बनवायच्या 'फ्लटर' या साधनात 'फ्लटर डॉक्टर' नावाची आज्ञा आहे. ती एकेक गोष्ट तपासते, काय जागेवर आहे नि काय नाही ते खुणांनी दाखवते आणि उपायही सुचवते. पायथॉनही सुधारली आहे. पूर्वी कंस उघडा राहिला, तर पुष्कळदा पुढच्याच ओळीवर बोट ठेवून 'वाक्यरचना चुकली' म्हणायची. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० आवृत्तीपासून ती उघड्या कंसाकडेच बोट दाखवते. 'प्रिंट' या शब्दातलं एखादं अक्षर गाळलं, तर 'तुम्हाला प्रिंट म्हणायचं होतं का?' असंही विचारते. अगदी बाईंसारखं!

आपल्या मंडळात सॉफ्टवेअर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांना माझी विनंती आहे. चुकीच्या संदेशात तीनच गोष्टी सांगा: काय झालं, कुठे झालं, आता काय करायचं. आणि ते साधन कधीच न पाहिलेल्या माणसाला तो वाचायला देऊन बघा.

कारण हा प्रश्न फक्त मुलांचा नाही. तिकडे आई-बाबा आपल्याशी बोलायला नवं ॲप उतरवतात, मध्येच काहीतरी लाल उमटतं आणि फोनवर पहिला प्रश्न येतो, "अगं, माझ्याकडून काही बिघडलं का?" बिघडलेलं काहीच नसतं. पण पुढच्या वेळी त्या बटणाला हात लावायला त्या घाबरतात, आणि आपला एक व्हिडिओ कॉल कमी होतो.