घरचे आरोग्य : तीळ काढायचा आहे?

पौडच्या पलीकडे एका वाडीवर भाताची झोडणी चालू होती. खळ्याच्या कडेला चहा घेताना घरच्या वहिनींनी धाकट्या लेकीला पुढे केले. "हिच्या गालावरचा हा तीळ बघा. वैशाखात लगीन काढायचं म्हणतोय. जत्रेत एकजण चुना लावून काढून देतो. पुण्यात लेसर करतात म्हणं. काय करावं?"

मी मुलीलाच विचारले. ती म्हणाली, "मला काही त्रास नाही, पण येणारे-जाणारे बोलतात." तीळ गोल, एकाच रंगाचा, कित्येक वर्षांत तेवढाच. असा तीळ काही करीत नाही. ठेवावा की काढावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. बोलणाऱ्यांनी नव्हे!

जत्रेतल्या इलाजाला मात्र मी हात जोडले. चुना आणि सोडा कालवून लावला की कातडी जळते, आणि किती खोल जळेल हे लावणाऱ्यालाही ठाऊक नसते. बिब्ब्याचे तेलही तसेच. तीळ जातो, पण जागेवर खड्डा किंवा जाड वण राहतो, तो जन्माचा.

लेसर म्हणजे प्रकाशाचा एकवटलेला झोत. तीळ काढायला बहुधा कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर वापरतात. तो ज्यांनी शोधला ते कुमार पटेल आपल्याच जिल्ह्यातले. १९३८ साली बारामतीत जन्मले, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ साली पदवी घेतली आणि १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत त्यांनी हा लेसर तयार केला. त्याचा झोत डोळ्यांना दिसत नाही. कातडीतले पाणी तो शोषून घेते, क्षणात उकळते आणि तेवढ्या भागाची वाफ होऊन जाते. डॉक्टर आधी सुईने जागा बधिर करतात. काम काही मिनिटांचे.

पण वाफ झाली की मागे काही उरत नाही, आणि इथेच मेख आहे. तीळ संशयाचा असेल, तर तो कापून काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो, कारण कातडीचा एक कर्करोग तिळासारखा दिसतो. लेसरने उडवला तर तपासणार काय? एक बाजू दुसऱ्यासारखी नसणे, कडा वेड्यावाकड्या असणे, एकाच तिळात दोन-तीन रंग, तुरीच्या दाण्याहून मोठा आकार, वाढणे, खाजणे, रक्त येणे, ही लक्षणे दिसली तर लेसरचे नावच काढू नये. आपल्या लोकांत हा रोग चेहऱ्यापेक्षा तळपायावर, तळहातावर, नखाखाली जास्त सापडतो.

हे ऐकून ओट्यावरच्या आजींनी हळूच पाय पुढे केला. टाचेजवळ काळा डाग, कडा फाटलेली. "काट्याचं असंल. वरीस झालं." काट्याने साकळलेले रक्त काही आठवड्यांत फिके पडत जाते. हा डाग तर वाढला होता. जन्मभर चिखलात आवणी केलेल्या पायाकडे कोण बघतो? आजींना ससूनच्या त्वचा विभागात दाखवा, उद्याच न्या, असे मी सांगितले. तो डाग कर्करोगच आहे असे नाही, पण तपासल्यावाचून कळणार नाही.

आता लेसरनंतरचे. जागेवर खपली धरते. चेहऱ्यावरची साधारण आठ-दहा दिवसांत आपोआप पडते. ती नखाने काढू नये, वण तिथेच होतो. स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुवावे, टिपून घ्यावे, डॉक्टरांनी दिलेले मलम किंवा साधे व्हॅसलीन पातळ लावावे. हळद, राख, लिंबू, टूथपेस्ट यांतले काही नको. दुकानातून आपल्या मनाने आणलेले गोरेपणाचे मलमही नको. त्यात पुष्कळदा स्टिरॉइड असते, त्याने कातडी पातळ होते. पू, ताप किंवा वाढता लालसरपणा दिसला तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

आपल्या सावळ्या कातडीवर खपली पडल्यावर काळपट डाग राहायचा संभव जास्त, आणि ऊन त्याला आणखी गडद करते. म्हणून तीन-चार महिने पदर पुढे ओढावा, टोपी घालावी, खपली पडल्यावर एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावावे. पूर्वीची जखम फुगून जाड झाली असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

लेसर आवणीच्या तोंडावर करू नये. ओली जखम आणि चिखल-शेण यांचे जमत नाही. भात घरात आल्यावरचे थंडीचे दिवस बरे. वैशाखातल्या लग्नासाठीही हीच वेळ, चैत्रात धावाधाव करून उपयोग नाही.

वहिनींनी मात्र आधी आजींना पुण्याला न्यायचे ठरवले. मुलीच्या तिळाचे मग बघू म्हणाल्या.