रोप मान टाकते तेव्हा

रब्बी ज्वारीच्या दिवसांत या पानावर पोंगेमर आणि कोळपणी यांविषयीच लिहायचे असते. पण गेल्या महिन्यात कुर्डुवाडीजवळच्या एका वस्तीवर ज्वारी पाहायला गेलो आणि ज्वारीपेक्षा मोठा प्रश्न पुढे आला. तो पुष्कळ घरांत असतो आणि शेतीच्या पुस्तकात त्याचे उत्तर नसते. म्हणून आज ज्वारी बाजूला ठेवतो.

वस्तीवरचे कुटुंब नवे होते. भावाभावांत वाटणी झाली. वाट्याला आलेली जमीन थोडी, तीही कोरडवाहू. ती भावाकडेच वाट्याने ठेवून नवरा-बायको शेजारच्या तालुक्यातले गाव सोडून इकडे दुसऱ्याच्या बागायतीवर राहायला आली. बरोबर चार वर्षांची मुलगी. गावाकडे तिच्याभोवती आजी, चुलत्या आणि पाच-सहा चुलत भावंडे होती. इथे रानात एक खोली, एक विहीर आणि एक कुत्रे. जवळच्या अंगणवाडीत तिचे नाव घातले, तर आठ दिवस पोर नुसती रडत होती.

बाप म्हणाला, "साहेब, राहू द्या ती अंगणवाडी. रोज रडती, दोन घास खाईना. पहिलीला जायला अजून दोन वर्सं हाईत. तवा एकदम घालू."

मुलीची आई तेव्हा काही बोलली नाही. चहा देताना मात्र हळूच म्हणाली, "साहेब, मी दिवसभर खुरपायला जाते. हिला कुठं ठिवू? हिरीला कठडा न्हाई."

वाचकहो, त्या एका वाक्याने सगळा प्रश्न समोर आला. अंगणवाडीत घालायचे की नाही, हा केवळ शिक्षणाचा प्रश्न नव्हता. जुन्या घरात मुलीवर आठ जणांची नजर होती. नव्या जागी दोनच माणसे, आणि तीही कामात. आपल्याकडे घर बदलते तेव्हा भांडी, धान्य, शेळ्या सगळे नीट मोजून नेतो. पण मुलाभोवतीची माणसे मागे राहिली, हे हिशेबात धरत नाही.

मी बाईंना विचारले, "मुलीला सोडता कसे?"

"दारात सोडते, ताईंनी तिला खेळणं दावलं की मागच्या मागं निघून येते. न्हाईतर ती पदर सोडतच न्हाई."

हे ऐकून मला माझीच चूक आठवली. बदलीच्या नोकरीत आमचे बिऱ्हाड एका तालुक्याच्या गावी गेले, तेव्हा थोरला मुलगा साडेतीन वर्षांचा होता. मी त्याला बालवाडीत सोडले आणि त्याची पाठ वळताच सायकल काढली. मला वाटले, किती सोपे काम झाले! पण दुसऱ्या दिवसापासून तो मला घरातसुद्धा नजरेआड होऊ देईना. न्हाणीघराच्या दाराशी बसून राही. महिनाभर हे चालले. त्याला बालवाडीचे भय नव्हते. बाप न सांगता नाहीसा होतो, याचे भय होते, आणि ते मीच शिकवले होते.

त्या बापाला मी एकच गोष्ट विचारली. त्याच्या वाफ्यात कांद्याचे रोप तयार होत होते. म्हटले, "हे रोप सहा-सात आठवड्यांचे झाले की तुम्ही पुनर्लागण करणार. उपटण्याआधी वाफ्याला पाणी देता, म्हणजे मुळी तुटत नाही. भर दुपारी लावत नाही. लावल्यावर पाणी देता, तीन-चार दिवसांनी आंबवणी देता. तरी दोन-चार दिवस रोप मान टाकतेच. मग ते उपटून फेकता का?"

तो हसला. म्हणाला, "न्हाई. पानी देतो आन वाट बघतो."

मुलांचेही पुष्कळसे असेच आहे. फरक एवढाच की रोप बोलत नाही आणि मूल रडून सांगते. त्या रडण्याचा अर्थ 'मला इथे नको' असा दर वेळी नसतो. 'मला अजून इथले कळलेले नाही' असाही असतो.

आपल्या कुर्डुवाडीच्या जुन्या माणसांना हे वेगळे सांगायला नको. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली तेव्हा या स्थानकाचे नाव बार्शी रोड होते. मुंबई-सोलापूरची मोठी गाडी साडेपाच फुटी रुळांवरून यायची, बार्शीची गाडी अडीच फुटी रुळांवरून. पुढे ती लहान गाडी पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. एका रुळाची गाडी दुसऱ्या रुळावर जाणार कशी? मालाचे प्रत्येक पोते इथे उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावे लागे. आषाढी-कार्तिकीला मोठ्या गाडीने आलेले वारकरी इथेच गठुडी घेऊन गाडी बदलत. या शतकाच्या पहिल्या दशकात हे मार्ग रुंद झाले आणि ती धांदल संपली. पण त्या गर्दीत ज्यांच्या मुलांचे बोट सुटले नाही, ती मुले रडली नाहीत, हे पाहणारे लोक अजून आहेत. घरातून अंगणवाडीत जाणे हेही गाडी बदलणेच आहे. एका बाजूला आईने बोट धरायचे, दुसऱ्या बाजूला ताईंनी, आणि मधल्या वेळी ते मोकळे राहू द्यायचे नाही.

मग आम्ही अंगणवाडीच्या ताईंना भेटून बोललो. जे ठरले, ते तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

पहिले तीन-चार दिवस आईने तिथे कोपऱ्यात बसावे. मुलीला खेळवू नये, नुसते दिसावे. मग एक दिवस अर्धा तास बाहेर जावे आणि सांगितल्या वेळी परत यावे. हळूहळू वेळ वाढवावी. ज्यांना मजुरी बुडवणे परवडत नाही, त्यांनी निदान दोन सकाळी तरी काढाव्यात. तेही जमत नसेल तर पाच मिनिटे थांबून निघावे.

निघताना चोरून निघू नये. "मी खुरपायला जाते, तू खिचडी खाल्लीस की येते," असे सांगून जावे. लहान मुलाला घड्याळ कळत नाही, खिचडी कळते. आणि सांगितल्याप्रमाणे यावेच. एकदा शब्द मोडला तर आठवड्याची मेहनत वाया जाते. निरोप लांबवूही नये. तीनदा मागे वळून पाहिले तर मुलाला वाटते, आईलाच इथली खात्री नाही.

जुन्या घरातली एखादी वस्तू बरोबर द्यावी. या मुलीला आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा दिला. रात्री आजीशी मोबाईलवर बोलणे करून द्यावे. आजीची आठवण काढली की पोर रडेल म्हणून तिचे नावच काढायचे नाही, हे बरोबर नव्हे.

"गप बस, नाहीतर अंगणवाडीत टाकीन," अशी भीती कधीही घालू नये. ज्या जागेचा धाक दाखवला, तिथे मूल आनंदाने कसे जाईल? रडले म्हणून मारू नये. घर बदलल्यावर काही मुले पुन्हा अंथरूण ओले करतात, बोबडे बोलतात, जेवण कमी करतात. हा खोडसाळपणा नव्हे. बहुतेकांचे काही आठवड्यांत सुरळीत होते. मात्र मूल खाणेच सोडू लागले, वजन घटले किंवा महिना-दीड महिना उलटूनही घरीदारी कुणाशी बोलेनासे झाले, तर डॉक्टरांना दाखवावे.

आणि घरी आल्यावर "आज काय लिहिलेस?" असे विचारू नये. या वयात बोटांना माती, बिया, मणी यांचे काम हवे. पाटी-पेन्सिलीची घाई नको.

ही अंगणवाडी म्हणजे नुसती खिचडीची जागा, असे पुष्कळांना वाटते. तिचा उगम आपल्याच महाराष्ट्रात आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणात शाळा भरवली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. तिथे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिजवलेला आहार, खेळ-गाणी, दरमहा वजन, लसीकरण आणि आरोग्य तपासणीची सोय असते.

गाव बदलले तरी मुलाचा हक्क बदलत नाही. वर्षाच्या मध्येही नाव घालता येते, शाळेचा दाखला लागत नाही. जुन्या गावच्या सेविकेला निघण्याआधी सांगावे, म्हणजे नोंद इकडे वर्ग करणे सोपे जाते. लसीकरणाचे कार्ड मात्र जिवापाड जपावे. पाच वर्षांनंतरचा बूस्टर डोस राहिला असेल, तर तो त्यावरूनच कळतो.

आता एक मागणे तुमच्याकडे आहे, कारण तुमच्यापैकी पुष्कळ जण ऊस उत्पादक आहेत. उजनीच्या पाण्याने या भागात ऊस आला आणि उसाबरोबर दरवर्षी दिवाळीच्या सुमारास तोडणीच्या टोळ्या आल्या. त्यांच्या कोप्यांत तीन-चार वर्षांची मुले असतात. पहाटे आई-बाप फडात जातात आणि मूल पाचटावर झोपलेले राहते. ट्रॅक्टर मागे घेताना किंवा विहिरीकाठी काय होऊ शकते, हे मी सांगायला नको. तुमच्या फडात टोळी आली की मुकादमाला विचारा, मुले किती आणि वय काय. तेवढे जवळच्या अंगणवाडीत कळवा. एक फोन करायला पाच मिनिटे लागतात.

आणि विहिरीचे काय? कठडा बांधायला पैसे लागतात, हे मान्य. तोपर्यंत बाभळीच्या काट्यांचे कुंपण घालायला फक्त एक सकाळ लागते. औषधांचे डबे वर, कुलपात ठेवा. कीटकनाशक थंड पेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका.

परवा त्या वस्तीवर पुन्हा गेलो. मुलगी काही गाणी म्हणत नव्हती. माझ्याकडे पाहून आईमागे लपलीसुद्धा. पण आई म्हणाली, सकाळी थोडी कुरकुर करते, मग जाते, खिचडी खाते. काल घरी येऊन बापाला म्हणाली, "माझं वजन केलं. तुझं केलं का?" बाप हे सांगताना हसत होता. विहिरीभोवती काट्यांचे कुंपण उभे होते. जाताना मी ज्वारीही पाहिली. बरी आहे.

पुढच्या आठवड्यात तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीविषयी.