नियमाला वळसा आणि माणसाला वेढा

मैत्रिणींनो, गेल्या आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी सांगून टाकते.

दुपारी घरचं आवरलं की मी इथे दिघ्यातल्या नववी-दहावीच्या मुलींना इंग्रजी शिकवते. त्या दिवशी फळ्यावर शब्द होता ‘सर्कमव्हेंट’. अर्थ सांगितला, नियमाला वळसा घालणे, पळवाट काढणे. मग वाक्यात उपयोग करायला दिला. कुणी शाळेतल्या मोबाइलबंदीवर वाक्य केलं, कुणी जकातीवर. एका मुलीने लिहिलं, ‘द बिल्डर सर्कमव्हेंटेड माय मदर.’ मी लाल शाईने सरळ काट मारली. वर समजावलं, अगं, वळसा नियमाला घालतात, आईला कसा घालशील? बाकीच्या हसल्या. ती वही मिटून बसली.

आता हा शब्द त्याच्या भावंडांत ठेवून पाहू या, कारण मुलांचा अभ्यास घेताना आपलीच गल्लत होते. नियम माहीत असून उघडउघड तुडवला, तर त्याला ‘फ्लाउट’ म्हणतात. आपल्याकडे यासाठी झकास वाक्प्रचार आहे, नियम धाब्यावर बसवणे. (धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर. आमच्याकडे नियम धाब्यावर बसवून त्यावर आणखी मजले चढवतात, तो भाग वेगळा!) कर किंवा तिकीट चुकवणे म्हणजे ‘इव्हेड’. त्यात लपवाछपवी आली. ‘सर्कमव्हेंट’मध्ये मात्र डोकं लागतं. नियम जागच्या जागी उभा असतो, त्याला हातही लावायचा नाही, फक्त बाजूने निघून जायचं. मुंब्र्याचा बायपास पाहिला असेल ना तुम्ही? गाव तिथेच राहतं, ट्रक डोंगराच्या कडेने पुढे जातात, तसं. आणि हो, या क्रियापदापुढे ‘फ्रॉम’ किंवा ‘अराउंड’ जोडू नका. ‘सर्कमव्हेंट द रूल’, एवढंच. ‘अराउंड’चा अर्थ त्याच्या पोटातच आहे.

ही सगळी क्रियापदं आमच्या दिघ्याने फार जवळून पाहिली आहेत. ठाण्याहून बेलापूर रस्त्याने निघालं की ऐरोलीच्या आधी, एका बाजूला कारखाने आणि दुसरीकडे पारसिकचा डोंगर, यांच्यामध्ये आमची वस्ती. इथल्या 99 बेकायदा इमारतींचं प्रकरण 2015 साली मुंबई उच्च न्यायालयात गाजलं, ते तुम्ही वाचलं असेल. एमआयडीसी आणि सिडकोच्या जमिनींवर परवानगीवाचून इमले उभे राहिले होते. न्यायालयाने पाडायचे आदेश दिले. काही इमारती पडल्या, काहींना टाळं लागलं. बायका कडेवर मुलं घेऊन रस्त्यावर बसलेल्या साऱ्या महाराष्ट्राने बातम्यांत पाहिल्या. पुढे 2017 साली सरकारने नगररचना कायद्यात 52 अ हे कलम घातलं. 31 डिसेंबर 2015 पर्यंतची काही बेकायदा बांधकामं अटी घालून, दंड घेऊन नियमित करता यावीत, असं ते कलम. त्यावरही वाद झालेच. नियमालाच वळण दिलं, तर त्याला कोणतं क्रियापद लावायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या रात्री भांडी आवरली तरी त्या मुलीचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. बी.ए.ला असताना घेतलेला जाडा शब्दकोश माळ्यावरून काढला. ‘हे’ म्हणाले, आता रात्री अकराला काय? पण शोधलं. मूळ लॅटिन शब्द, ‘सर्कम’ म्हणजे सभोवती आणि ‘व्हेनिरे’ म्हणजे येणे. सगळीकडून घेरणे, डाव टाकून कोंडीत पकडणे, फसवणे. हा या शब्दाचा जुना अर्थ! आणि त्या अर्थाने त्याचं कर्म नियम नसून चक्क माणूस असतं. आज ही योजना जुनाट वाटते, पण चूक नाही. म्हणजे पोरीचं वाक्य बरोबर होतं, शिक्षिकाच कच्ची.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिची वही मागून घेतली, काट खोडून बरोबरची खूण केली. मग ती हळूच म्हणाली, “मॅडम, आईकडे सगळे कागद होते. लाइटबिल होतं, घरपट्टीची पावती होती, करारनामासुद्धा होता.” मंगळसूत्र सोडून सारं सोनं मोडून आईने ते घर घेतलं होतं.

तिने सांगितलेले तिन्ही कागद खरे असू शकतात, आणि तरीही इमारत बेकायदा असू शकते! विजेचं मीटर मिळालं, म्हणजे बांधकामाला परवानगी होती असं नाही. घरपट्टी भरली म्हणून घर अधिकृत होत नाही. करार नोंदवला म्हणजे व्यवहाराची नोंद झाली, इमारत तपासली गेली नाही. मागायचे कागद वेगळेच आहेत. जमीन कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारा सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक, बांधकाम सुरू करण्याचा परवाना, मंजूर नकाशा, आणि इमारत पुरी झाली असेल तर भोगवटा प्रमाणपत्र. नुसत्या झेरॉक्सवर विसंबू नका, पालिकेत किंवा जमीन ज्या संस्थेची आहे तिथे जाऊन क्रमांक पडताळून घ्या. नव्या मोठ्या प्रकल्पाला महारेराचा नोंदणी क्रमांक असावा लागतो, तो त्यांच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो. घरातल्या पुरुषांनी “तुला काय कळतं त्यातलं” म्हटलं, तरी एकदा आपल्या डोळ्यांनी वाचा. दागिने आपले मोडतात ना!

तिची आई परवा भेटली. सध्या भाड्याने राहतात. मी वहीतल्या वाक्याचं सांगितलं, तर तिने विचारलं, “म्हणजे त्या शब्दात मी आहे होय?” मी हो म्हटलं. ती जरा थांबली आणि म्हणाली, “मग तो कागदावर कसा लिहायचा, दाखवा बरं.” दाखवला.

पुढच्या खेपेस ‘फ्लाउट’ आणि ‘फ्लाँट’ यांच्यातला घोळ निस्तरू. अनेक जणींनी त्याबद्दल विचारलं आहे.