जयंतीला नाला म्हणू नका

कोल्हापुरात दसरा चौकातून व्हिनस कॉर्नरकडे जाताना पुलाखाली काळं पाणी दिसतं. आपण नाकाला रुमाल लावून त्याला ‘जयंती नाला’ म्हणतो. खरं तर ती नदी आहे. कळंब्याच्या बाजूने येऊन, शहर ओलांडून ती पंचगंगेला मिळते. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०६ साली सुरू झालेलं मुस्लिम बोर्डिंगही याच दसरा चौकात आहे. त्यामुळे जयंतीचा प्रश्न आपल्या दारातलाच आहे.

या नाल्यातलं सांडपाणी अडवून पंपाने कसबा बावड्याच्या शुद्धीकरण केंद्राकडे पाठवलं जातं. पण वीज गेली, पंप बंद पडला किंवा पाऊस वाढला की ते थेट पंचगंगेत जातं आणि खालच्या गावांना तेच पाणी मिळतं. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली आणि अनेक घरांतली माणसं गेली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेने ५५ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. तेव्हा नदीचं पाणी याच जयंतीतून उलटं शहरात शिरलं.

२०१९-२० मध्ये तेव्हाचे आयुक्त डॉ. मल्लिनाथ कलशेट्टी यांच्या पुढाकाराने रविवारची महास्वच्छता मोहीम चालली. स्वयंसेवी संस्था, कॉलेजची मुलं आणि पालिकेचे कामगार एकत्र जयंतीच्या पात्रात उतरले. एकट्या संस्थेला जे जमलं नसतं, ते अनेकांनी मिळून केलं.

पण काढलेला कचरा आपण पुन्हा टाकणार असू, तर रविवार कितीही आले तरी पुरणार नाहीत. म्हणून कामं वाटून घ्यायला हवीत. एका संस्थेने सांडपाण्याची तोंडं मोजावीत, दुसरीने काठाची झाडं जगवावीत, तिसरीने पंप कधी बंद पडतो याची नोंद ठेवून पालिकेकडे पाठपुरावा करावा. पुराला पसरायला जागा लागते. काठावर भराव पडताना दिसला तर सगळ्यांनी मिळून हरकत घ्यावी.

आपल्या मोहल्ल्यांनी काय करावं? बकरी ईदला कुर्बानीचा एकही अवशेष गटारीत जाऊ नये. तो पालिकेच्या गाडीतच जाईल, हे मशीद कमिटी आणि तरुणांनी पाहावं. वुजू करताना पाणी जपून वापरा, असं आपण मुलांना शिकवतोच. तेच पाणी पुढे कुठे जातं, हेही त्यांना एकदा पुलावर नेऊन दाखवू या.