अडकित्ता मोडीत घालण्याआधी

भूमकरांनो, माळा आवरताना निघालेलं जुनं पितळ पोत्यात भरून सरळ मोडीत देऊ नका, ही कळकळीची विनंती आहे. मोडवाला फक्त वजन बघतो. पोपटाच्या आकाराचा अडकित्ता असो, वर हत्ती बसवलेली वज्री असो की मोराची चुन्याची डबी, त्याच्या काट्यावर सगळ्याला फुटक्या घागरीचाच भाव. एकदा भट्टीत गेलं की त्या कारागिराची हौस परत मिळत नाही.

पुण्यात दिनकर केळकरांनी अशाच घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या. दिवे, अडकित्ते, वज्र्या, फणेरपेट्या असा वीस हजारांवर ऐवज आज राजा केळकर संग्रहालयात आहे. लांब कशाला, आपल्या जिल्ह्यात तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि शिवारात सापडणारे अवशेष जपले, म्हणून तिथं आज सरकारी वस्तुसंग्रहालय उभं आहे.

आता वस्तू पारखायची कशी? अडकित्ता उजेडात धरा. रोज वापरलेला असेल तर जिथं बोटं टेकतात तिथंच तो गुळगुळीत झालेला दिसेल. पोपटाचा डोळा, चोच झिजलेली असेल, पण पंखाखालच्या खाचेतली रेघ अजून ठसठशीत असेल. पातं मध्यभागी किंचित खोलगट झालेलं असेल आणि बिजागरीची खीळ सैल. उलट सगळीकडे सारखाच काळेपणा असेल, झीज कुठेच नसेल आणि ओल्या फडक्याला काळं लागत असेल, तर नव्या मालाला जुनं रूप दिल्याची शंका घ्या. आणि कृपा करून चिंच-राखेनं घासून लखलखीत करू नका. जुना रंग गेला की जाणकार गिऱ्हाईक पाठ फिरवतं.

भाव ठरतो तो घडणीवर, वस्तू अखंड असण्यावर आणि तसा नग किती कमी मिळतो त्यावर. नुसतं वय पुरत नाही. आपला भाग हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे चारमिनारचा हाली रुपया एखाद्या डब्यात निघू शकतो. तो चांदीचा आहे, पण बरीच सालं सहज मिळतात. लाखाची स्वप्नं नकोत. राम-सीता कोरलेला ईस्ट इंडिया कंपनीचा ‘1818 चा आणा’ तर कंपनीनं कधी पाडलाच नव्हता. जुन्या नाण्याला लाखो देतो, आधी फी भरा, असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्ये आपल्या नावाने चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल सावध केलं होतं. तांदूळ ओढणाऱ्या तांब्याच्या भांड्याची गोष्टही शुद्ध लुबाडणूक आहे.

कायद्याचंही भान ठेवा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 1972 च्या कायद्यानुसार खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. नांगरताना जमिनीत पुरलेला ऐवज सापडला तर तो परस्पर विकू नका, तहसीलमध्ये कळवा.

विकायचंच असेल तर खुशाल विका, घरात अडचण असते हे खरं आहे. पण दोन-तीन ठिकाणी विचारा, आणि देण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. अडकित्ता कुणाचा, कोणत्या गावाहून आला, लग्नात आला की बाजारातून, हे एका चिठ्ठीवर लिहून घ्या, फोटो काढा आणि चिठ्ठी वस्तूबरोबरच द्या.