‘अर्ज’ बदलायला गेलात तर अर्जुनीही बदलेल

वर्डमध्ये कंट्रोल आणि एच ही दोन बटणं एकत्र दाबली की एक छोटी खिडकी उघडते. वरच्या चौकटीत जुना शब्द लिहायचा, खालच्या चौकटीत नवा. खाली बटणं असतात : फाइंड नेक्स्ट, रिप्लेस, रिप्लेस ऑल. माझं भांडण या रिप्लेस ऑलशी आहे. ज्या कागदावर माणसांची किंवा गावांची नावं आहेत, जुन्या नोंदीची नक्कल आहे, त्या कागदावर हे बटण कुणी दाबू नये. शाळेत नाही, तहसील कार्यालयात नाही, पुस्तक छापणाऱ्याकडेही नाही.

“सर, उगाच घाबरवता तुम्ही,” असं माझे तरुण सहकारी म्हणतात. “पाचशे नावं काय हातानं दुरुस्त करत बसायची?” हो, करत बसायची. का, ते सांगतो.

संगणकाला शब्द कळत नाही, अक्षरांची रांग कळते. आमच्याच गावाचं उदाहरण घ्या. समजा, भाषाशुद्धीच्या नादी लागलेल्या एखाद्या साहेबांनी ठरवलं की ‘अर्ज’ हा अरबी शब्द नको, ‘आवेदन’ हवा. दाबलं रिप्लेस ऑल. सगळ्या अर्जांची आवेदनं झाली आणि त्यांच्याबरोबर सडक अर्जुनीची ‘सडक आवेदनुनी’ झाली. अर्जुनीच्या पोटात अर्ज आहे, हे यंत्राला दिसलं, साहेबांना दिसलं नाही.

बरं, आमच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाची तालुक्याची ठिकाणं दोन. एक आमची, महामार्गावरची सडक अर्जुनी. दुसरी अर्जुनी मोरगाव. यादीत काही ठिकाणी नुसतं ‘अर्जुनी’ लिहिलंय म्हणून कुणी सरसकट ‘सडक अर्जुनी’ करून टाकलं, तर तिकडच्या पोरांचं गाव ‘सडक अर्जुनी मोरगाव’ होतं. असं गाव नकाशात नाही. आणि जिथं आधीच नीट लिहिलं होतं, तिथं ‘सडक सडक अर्जुनी’.

यावर उपाय आहे म्हणतात. ‘फाइंड होल वर्ड्स ओन्ली’ या चौकटीत खूण करा, म्हणजे अख्खा शब्दच बदलेल. इंग्रजीत हा उपाय बऱ्यापैकी चालतो. मराठीत चालत नाही, कारण मराठीतलं नाम फार वेळा एकटं उभं राहत नाही. त्याला ला, ने, चा, त चिकटतात आणि चिकटण्याआधी ते स्वतःही वाकतं. शाळा, शाळेत, शाळेचा, शाळांना. ‘शाळा’च्या जागी ‘विद्यालय’ घालून बघा. खूण केली तर ‘शाळेत’ आणि ‘शाळेचा’ आहेत तसेच राहतील. खूण काढली तरी ते राहतीलच, वर ‘शाळांना’चं ‘विद्यालयंना’ होईल. ‘माझी शाळा’चं ‘माझी विद्यालय’ तर दोन्ही वेळा होणार. सहावीतलं पोरगं वहीवर यातलं एखादं लिहील तर मी लाल शाई काढतो. यंत्रानं लिहिलं की त्याला आपण काम झालं म्हणतो.

शिवाय नाव ‘ऑल’ असलं तरी ते सगळं बदलतही नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ्या दोन पद्धतींनी टाइप होतो. नुक्त्याचा ज़ही दोन प्रकारे साठवला जातो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, आत वेगळे असतात. एक शोधला की दुसरा सुटतो. जुन्या फायली कृतिदेवमध्ये असतील तर अक्षरं वरून देवनागरी आणि आत रोमन. तिथं युनिकोडमध्ये ‘शेख’ टाइप करून शोधा, अख्ख्या तालुक्यात एक शेख सापडणार नाही.

आता आपल्या नावांकडे येतो. विदर्भात आपली नावं कागदावर आखडून लिहायची जुनी रीत आहे. अब्दुलचा ‘अ.’, मोहम्मदचा ‘मो.’, शेखचा ‘शे.’. बापाच्या नावासकट ‘शे. रहीम शे. करीम’. आधारवर पूर्ण नाव, शाळेत आखूड, मग दोन्ही जुळत नाहीत आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म अडकतो. दुरुस्ती हवीच, त्यात वाद नाही. पण ती कशी झाली, ते ऐका.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका यादीची ‘दुरुस्त’ प्रत एका कार्यालयातून परत आली. पहिल्या रकान्यावर ‘अब्दुलक्र.’ असं छापलेलं. ते मुळात अ.क्र. होतं, अनुक्रमांक. प्रवर्गाच्या रकान्यात गोंड मुलांपुढे अ.ज. होतं, त्या सगळ्यांपुढे ‘अब्दुलज.’ आलं. मो.क्र.च्या रकान्यावर ‘मोहम्मदक्र.’. खाली शुल्काची ओळ ‘रुपये तीनशे.’ अशी संपत होती, ती ‘रुपये तीनशेख’ अशी संपली. स्टाफरूममध्ये सगळे पोट धरून हसले, मीही हसलो.

हसू येतं तिथं धोका नसतो, कारण हसणारा माणूस चूक पकडतो. त्याच यादीत एका मुलाच्या वडिलांचं नाव ‘अ. सलमान’ होतं. तो ‘अ.’ अहमदचा. प्रतीत ‘अब्दुल सलमान’ झालं. आपल्यातल्या कुणालाही हे खटकेल. अब्दुल म्हणजे ‘चा बंदा’, त्याच्यापुढे अल्लाहच्या नावांपैकी एखादं हवं. रहीम, करीम, रशीद. सलमान हे माणसाचं नाव, त्याचा बंदा कसा होणार? पण टाइप करणाऱ्याला हे का खटकावं? त्याला अब्दुलही ओळखीचा, सलमानही ओळखीचा. त्यानं दुष्टपणा केला असं मी म्हणत नाही. त्यानं वाचलंच नाही, एवढंच म्हणतो. रिप्लेस ऑलमध्ये वाचायची जागाच नाही. शेवटी एक निरोप येतो : काम झालं, इतके बदल केले. किती ते सांगतो, कुठे ते सांगत नाही.

असलं नाव एकदा दाखलखारीज रजिस्टरपर्यंत आणि तिथून दाखल्यावर पोचलं की ते काढणं सोपं नसतं. शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, गोंदियाला फेऱ्या होतात, आणि धानाच्या रोवणीच्या दिवसांत एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. कंट्रोल झेड आहे की, असं कुणी म्हणेल. ते फाइल बंद करेपर्यंत. बापाचं नाव चुकलंय हे मुलाला दहावीचा फॉर्म भरताना कळतं.

जुन्या नोंदींचं तर आणखी कठीण. आपल्यातल्या मोमीन, पिंजारी, अत्तार अशा ओबीसी जमातींच्या मुलांना जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबांच्या शाळेची नोंद सापडते, तिची टंकलिखित नक्कल होते. मूळ नोंदीत ‘मुसलमान’ आहे आणि नक्कल करणाऱ्यानं चांगल्या हेतूनं सगळीकडे ‘मुस्लिम’ केलं, तर ती नक्कल राहिली का? तसंच जिल्ह्याचं. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला झाला, त्याआधी आम्ही सगळे भंडारा जिल्ह्यात होतो. आजोबांच्या नोंदीतला भंडारा ‘आता गोंदिया झालाय’ म्हणून बदलला, तर समितीपुढे मूळ आणि नक्कल शेजारी ठेवल्यावर संशय कुणावर येणार? नातवावर.

दोष फक्त कार्यालयांचा नाही. आपल्यातल्या काही शिकलेल्या भावांना नावं शुद्ध करायची घाई झालीय. शेख चूक, शैख बरोबर. खान चूक, नुक्त्यासह ख़ान बरोबर. मी उर्दू शिकवतो, उच्चाराचा मुद्दा मला मान्य आहे. पण शैख करायला निघालात तर वर्गातला चंद्रशेखर ‘चंद्रशैखर’ होतो. ख़ान करायला निघालात तर खानदेशालाही नुक्ता लागतो आणि खानावळीलाही. (कारखान्याला लागतो तो उर्दूच्या हिशेबानं बरोबरच, पण मराठीत कारखाना बिनानुक्त्याचा सुखात आहे.) आणि ज्याच्या आधारवर, बँकेत, सातबाऱ्यावर शेख आहे, त्याला तुम्ही शैख करून कुठं पाठवणार?

आता नामांतराची गोष्ट, तिच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. २०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. पुढच्या वर्षी अहमदनगरचं अहिल्यानगर. त्या निर्णयांवर तुमचं-माझं मत काय, हा आजचा विषय नाही. आजच्या पत्रावर आजचं नाव लिहावं लागतं आणि मी लिहितो. पण इतिहासाच्या टिपणावर रिप्लेस ऑल चालवून बघा. मूळ वाक्य : मलिक अंबरनं १६१० साली वसवलेल्या खडकीला औरंगजेबानं औरंगाबाद हे नाव दिलं. नवं वाक्य : खडकीला औरंगजेबानं छत्रपती संभाजीनगर हे नाव दिलं. ज्या संभाजी महाराजांना औरंगजेबानं १६८९ साली हाल करून मारलं, त्यांचं नाव त्यानंच शहराला दिलं म्हणे! यात महाराजांचा मान वाढला की इतिहास बुडाला? अठराव्या शतकातले आमचे शायर सिराज औरंगाबादी याच हिशेबानं ‘सिराज छत्रपती संभाजीनगरी’ होतील. बिहारचा औरंगाबाद जिल्हाही फुकटात नामांतरित होईल.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २००८ साली अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती संघटनेच्या बातम्यांच्या संकेतस्थळानं ‘गे’ हा शब्द आपोआप ‘होमोसेक्शुअल’ असा बदलायची सोय करून ठेवली होती. धावपटू टायसन गे शर्यत जिंकला आणि त्याची बातमी ‘टायसन होमोसेक्शुअल’ या नावानं झळकली. कुणाचं आडनाव काय आहे हे बघायला कुणी नव्हतं.

शोधण्याला माझी हरकत नाही. फाइंड हे फार उपयोगी आहे. ‘अ.’ शोधा, प्रत्येक ठिकाणी थांबा, हा अब्दुलचा, अहमदचा की अनुक्रमांकाचा ते बघा, मग रिप्लेस दाबा, नाहीतर फाइंड नेक्स्ट. सुरू करण्याआधी ट्रॅक चेंजेस चालू ठेवा, म्हणजे प्रत्येक बदल रंगीत दिसतो आणि दुसऱ्या माणसाला तपासता येतो. मूळ फाइलची एक प्रत वेगळी ठेवा. आणि नावाची शंका असेल तर ज्याचं नाव आहे त्याला विचारा. तो समोरच्या बाकावर बसलेला असतो.

यंदा मी माझ्या वर्गाची यादी छापून मुलांच्या हातात दिली. घरून आधारची प्रत आणायला लावली, आपापल्या नावापुढे सही करायला लावली. एक तासिका लागली. सात नावं चुकलेली निघाली, त्यातली दोन गेल्या ‘दुरुस्ती’नं चुकवलेली होती.